बालकाचा आहार (होटगी व परिसर)

होटगी परिसरातल्या वाढत्या मुलाच्या आहाराचे मुख्य घटक म्हणजे ज्वारी, शेंगदाणे, तूर, हुलगा, शेवगा, ताक आणि आजी. शेवटच्या घटकाची नोंद कोणत्याही पोषणतक्त्यात सापडत नाही. पण पहिले सहा घटक मुलाच्या पोटात जाणार की उंबऱ्याशी बसलेल्या कुत्र्याच्या, हे बरेचसे तिच्यावर अवलंबून असते.

दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव रेल्वेच्या नकाशावर जंक्शन आहे. सोलापूरहून येणारा लोहमार्ग येथे फुटतो. एक फाटा वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरमार्गे गदगकडे. गाव सीमेजवळ असल्याने घराघरांत दोन भाषा नांदतात, आणि एकाच मुलाला दारात ‘जेवलास का बे?’ व स्वयंपाकघरात ‘ऊटा आय्ता?’ असे विचारले जाते. मूल दोन्ही भाषांत होकार देते. दोन्ही भाषांत तो खोटा असतो.

आहाराला सुरुवात होते ती सहा महिने पूर्ण झाल्यावर. तोवर आईचे दूध पुरते, वरचे पाणीसुद्धा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना असे सांगते, आणि उष्टावणाचा मुहूर्तही बहुधा याच सुमारास निघतो. शास्त्र आणि पंचांग यांचे एकमत होण्याचे प्रसंग थोडे, म्हणून याची नोंद करून ठेवलेली बरी. मामा वाटीतली खीर बाळाच्या ओठाला लावतो, बाळ ती जिभेने बाहेर ढकलते, मामा पुन्हा आत ढकलतो, फोटो निघतो. घरात पुढची दहा-बारा वर्षे जे चालायचे असते त्याची ही रंगीत तालीम.

पहिल्या वर्षी मूल फार वेगाने वाढते. जन्मतः तीन किलोचे बाळ वाढदिवसापर्यंत नऊ किलोच्या आसपास जाते. हा वेग तसाच राहिला असता तर पाचव्या वर्षी त्याला शाळेत बसवायला बाक पुरला नसता. सुदैवाने तो मंदावतो. दोन वर्षांनंतर वजनात वर्षाकाठी सुमारे दोन किलोंची आणि उंचीत सहा-सात सेंटिमीटरची भर पडते. वाढ मंदावली की भूकही मंदावते, हा निसर्गाचा सरळ हिशेब आहे. घरातल्या मोठ्यांना मात्र पहिल्या वर्षाच्या वेगाची सवय लागलेली असते, आणि मग दवाखान्यात ती तक्रार पोचते जी बालरोगतज्ज्ञाला दिवसातून सर्वांत जास्त वेळा ऐकावी लागते: ‘हा काहीच खात नाही.’ काहीच नाही म्हणजे काय, असे विचारल्यावर यादी सुरू होते. सकाळी चहात बुडवून दोन बटर. मग दोन बिस्किटं. दहा वाजता दुकानातला पाच रुपयांचा पुडा. शेजारच्या काकूंनी दिलेला वाटीभर चुरमुऱ्यांचा सुशीला. अर्धं केळं. आजोबांच्या खिशातले फुटाणे. ‘पण जेवायला बसवलं की तोंडच उघडत नाही.’ यादी सांगणाऱ्या आईला आपण काही सांगितले असे वाटलेले नसते, कारण होटगीत ताटात वाढले नाही ते खाल्ले असे धरण्याचा प्रघात नाही.

वाढ मोजायची दोन मापे गावात प्रचलित आहेत. अंगणवाडीत वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि दंडाचा घेर मोजायची तीन रंगांची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषित, 12.5 च्या वर भरला तर चिंता नाही, आणि या दोहोंच्या मध्ये असेल तर लक्ष ठेवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाचे मध्यक वजन 18.3 किलो आहे, मुलीचे 18.2. दुसरे माप आजीची नजर. हिला पट्टी लागत नाही आणि तिच्यात हिरवा रंग नसतो. साडेअठरा किलोचा नातू तिच्या लेखी ‘वाळून काडी झालेलं लेकरू’ असते. पण शेजारणीने ‘बाळसं चांगलं धरलंय की’ एवढे म्हटले की तेच लेकरू घटकेत दृष्ट लागण्याइतके गुटगुटीत होते, मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून चुलीत पडतात, त्या ठसक्याने मूल खोकू लागते, आणि खोकते म्हणून त्याचे दही-केळे आठवडाभर बंद होते. पोषणात पडणारा हा खंड कोणत्याही सर्वेक्षणात दिसत नाही.

मुलाला लागते किती, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये ठरवून दिले आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 1360 किलोकॅलरी ऊर्जा, 16 ग्रॅम प्रथिने, 550 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 11 मिलिग्रॅम लोह हवे. होटगीच्या चुलीवर हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सहा ग्रॅम प्रथिने येतात. चार चमचे शेंगाचटणी, म्हणजे वीसेक ग्रॅम, पाच ग्रॅम देते. वाटीभर तुरीच्या घट्ट वरणातून पाच-सहा ग्रॅम, कपभर दुधातून पाच. बेरीज एकवीस-बावीस. सोळा केव्हाच ओलांडले, आणि अजून रात्रीचे जेवण व्हायचे आहे. ‘प्रोटीन कमी पडतंय’ म्हणून शहरातून डबा आणणाऱ्या बापाने आधी फडताळातली चटणीची बरणी उघडून पाहिली असती तर बसभाडे वाचले असते.

या भाकरीची ज्वारी बहुधा मालदांडी. ‘एम 35-1’ हे तिचे कागदावरचे नाव. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात स्थानिक वाणातून ती निवडली गेली आणि तिच्या चवीपुढे नंतरच्या अनेक वाणांना मान खाली घालावी लागली. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते. तुरीत ते भरपूर असते. भाकरी आमटीत कुस्करली की उणे भरून निघते. पिढ्यान्‌पिढ्या हा काला चालू आहे आणि एकाही आजीने लायसिनचे नाव ऐकलेले नाही. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले तेव्हा ज्वारी ‘श्रीअन्न’ झाली आणि पुण्या-मुंबईत तिची बिस्किटे निघाली. होटगीत तिची भाकरीच राहिली. मुलांनी मात्र त्या वर्षीही चपातीच मागितली.

कडक भाकरीचा स्वतंत्र उल्लेख हवा. मंद आचेवर पापडासारखी भाजलेली ही भाकरी आठवडाभर टिकते आणि प्रवासात शिदोरीला चालते. मुलाच्या दृष्टीने तिच्यात दोन गुण आहेत: मोडताना आवाज होतो, आणि तिला जेवण म्हणत नाहीत. ताटातल्या मऊ भाकरीकडे पाठ फिरवणारे मूल तीच ज्वारी खिशात घालून गावभर कुडुमकुडुम करीत हिंडते. होटगीतल्या पोषणाची खरी वाट ही. एकच पदार्थ ताटात वाढला की औषध होतो आणि ताटाबाहेर सापडला की खाऊ.

याचा सर्वांत चांगला पुरावा हुरड्याचा. पौष-माघात रानात आगटी पेटते, कोवळी कणसे निखाऱ्यात भाजून हातावर चोळली जातात, आणि घरी ज्वारीचे नाव काढले की तोंड वाकडे करणारी पोरे कोपरापर्यंत काळी होऊन ज्वारीच खात बसतात. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. ऊर्जा, प्रथिने, चरबी, कॅल्शियम, सारे एका बैठकीत, आणि ‘अजून एक घास’ असे कोणालाही म्हणावे लागत नाही. उलट ‘पुरे आता, पोट दुखेल’ हे वाक्य वर्षातून त्या दिवशी ऐकू येते. बोरे, चिंचा, कवठ, उसाचे कांडे, हरभऱ्याचा ढाळा यांचेही तसेच. आवळा मुरंब्यातून दिला तर फळीवर राहतो. झाडावरून पाडून दिला तर भांडण होते.

वेळ अमावस्येला तर आहारशास्त्राने हात टेकावेत. मार्गशीर्ष अमावस्येला या भागातली घरे शेतात जेवायला जातात. तुरीचे, पावट्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि मेथी-चुक्यासारख्या पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताक घालून केलेले ज्वारीचे आंबील, शेंगापोळी, गव्हाची खीर असा बेत असतो. आहारात विविधता हवी, निदान पाच गटांतले अन्न हवे, असे तज्ज्ञ वर्षभर कानीकपाळी ओरडत असतात. भज्जीच्या पातेल्यात त्यातले दोन-तीन गट एकमेकांना ओळखू न येण्याइतके मिसळलेले असतात. मेथी वेगळी काढून ताटाच्या कडेला रांगेने लावणारे तज्ज्ञ मूलही येथे हरते.

संक्रांतीच्या सुमारास होणारे बोरन्हाण ही पोषण बाहेरून देण्याची बहुधा एकमेव ज्ञात पद्धत. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे कपडे घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे व हलवा ओततात. पाटावरचे मूल रडते. भोवतालची पोरे ते सर्व उचलून खातात. म्हणजे लाभार्थी एक आणि लाभ घेणारे दुसरे; योजना म्हटली की एवढे चालायचेच.

हुलग्याची गोष्ट वेगळी. त्यात बावीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने आहेत, लोहही चांगले आहे, कोरड्या रानात तो कमी पाण्यावर येतो. भाजून दळलेल्या हुलग्याचे लसणाची फोडणी दिलेले माडगे सर्दीवर देतात. त्याचा दोष इतकाच, की हाच हुलगा भरडून बैलापुढे ठेवलेला मुलाने पाहिलेला असतो. ‘बैल बघ कसा ताकदवान’ हा युक्तिवाद आजी करते. मूल बैलाकडे पाहते, त्याला दिवसभर काय करावे लागते तेही पाहते, आणि वाटी सरकवते.

तिळाचेही तसेच थोडे फसवे आहे. शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि तितक्याच गाईच्या दुधात 120 च्या आसपास, हे वाचून दूध बंद करू पाहणाऱ्या कुटुंबाने लक्षात ठेवावे की तीळ पेल्याने पीत नाहीत.

आतापर्यंतचा हिशेब प्रथिनांचा होता आणि तो सोपा होता. अवघड आहे तो ऊर्जेचा आणि लोहाचा. मुलाचे पोट लहान, भाकरी-वरण पाणी धरून फुगणारे. चार घासांत पोट भरते आणि 1360 चा आकडा दूरच राहतो. म्हणून दिवसातून तीनदा जेवण, मध्ये दोनदा काहीतरी खाणे, आणि वरणावर तूप किंवा चटणीवर तेल हवे. शेंगाचटणी उखळात कुटून तिला तेल सुटू देण्याची सोलापुरी रीत येथे चवीपलीकडे कामास येते: शेंगदाण्यात जवळजवळ चाळीस टक्के चरबी असते, आणि थोड्या घासांत जास्त ऊर्जा घालायची तर ती अशीच घालावी लागते. मुलासाठी मिरची कमी घातलेली वेगळी चटणी करतात. ती घरातले मोठे लोक संपवतात.

लोहाच्या बाबतीत विनोदाला जागा कमी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. ज्वारी-बाजरी, डाळी, पालेभाज्या यांत लोह असते, पण शरीर त्यातले थोडेच उचलते. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वाने ते जास्त उचलले जाते आणि चहातल्या टॅनिनने कमी. आता ज्या मुलखात तान्ह्याच्या ओठालाही बशीतला चहा लावून पाहतात आणि पाहुण्याने चहा नाकारला तर नाते तुटते, तेथे ‘मुलाला चहा देऊ नका’ हा सल्ला देणाऱ्या आशाताईलाही आधी चहा घ्यावा लागतो. मूल त्यात बटर बुडवते, बटर तुटून तळाशी जाते, ते काढायला चमचा आणि चमच्याबरोबर उरलेला चहा पोटात. जेवणानंतर तासभर चहा नाही, एवढे पाळले तरी ताटातले लोह बरेचसे कामी येते.

सरकारी पोषणाचा इतिहास जुना आहे. एकात्मिक बालविकास सेवा 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो आणि तीन वर्षांखालच्यांना घरी नेण्याची पाकिटे. दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने हे प्रमाण अनेक वर्षे ठरलेले होते. पाकीट घरी पोचते, मूल चव घेऊन तोंड फिरवते, आणि काही घरांत ते म्हशीच्या आंबोणात पडते असे बोलले जाते. तसे झाले तरी सर्वच वाया गेले म्हणता येत नाही. म्हैस दूध देते आणि दूध मुलाला देतात. केवळ मार्ग लांबचा पडतो.

शाळेतली खिचडी त्यापुढची. केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 ची; आरंभीची काही वर्षे मुलांना शिजवलेल्या अन्नाऐवजी महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे, आणि त्यासाठी 80 टक्के हजेरी लागे. तांदूळ घरी गेल्यावर तो सारे घर खाई आणि शाळेत जाणारे मूल घरातले कमावते माणूस ठरे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 मधल्या आदेशानंतर चित्र बदलले आणि अन्न शाळेत शिजू लागले. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम धान्यातून 450 किलोकॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्यातून 700 व 20 ग्रॅम असे माप आहे. धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ. ज्वारीच्या मुलखातली मुले शाळेत भात खातात आणि पोषणतज्ज्ञ ज्वारीचे गोडवे गात शहरात फिरतात, ही विसंगती कोणाला खुपलेली दिसत नाही. मुलांना तर मुळीच नाही, कारण खिचडी दोस्तांबरोबर रांगेत बसून खायची असते आणि घरी नको असलेला वाटाणा तेथे शेजाऱ्याच्या ताटातूनही उचलला जातो.

2023 च्या अखेरीस राज्यात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ, असे ठरले. होटगीसारख्या गावात दोन्ही प्रकारची घरे असल्याने त्या दिवशी पटावर दोन याद्या होतात. घरून केळ्याच्या यादीत नाव घातलेली काही मुले अंड्याकडे फार अभ्यासपूर्वक पाहतात. अंड्यावाल्यांनाही केळे चालतेच. पुढे जानेवारी 2025 मध्ये अंडे आणि साखर यांसाठी वेगळा निधी देणे राज्याने थांबवले आणि शाळांना लोकसहभागाची वाट दाखवली. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. लोकसहभागात किती, ते गावागणिक बदलते.

बाजारातल्या पौष्टिक पेयांचे डबे घरात दर्शनी फळीवर ठेवतात. उंची, स्मरणशक्ती आणि चपळाई वाढवण्याचे आश्वासन डब्यावर असते. डब्यामागच्या बारीक अक्षरांत साखर असते. ‘आरोग्यपेय’ असा प्रकारच अन्नसुरक्षा व मानके कायद्यात नाही, हे दाखवून केंद्र सरकारने एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या सदरातून काढायला सांगितले. होटगीच्या फळीवरून डबा हलला नाही. मुलाची त्याला हरकत नाही. दुधाशिवाय, कोरडी, चमच्याने, कोणी पाहत नसताना खाल्लेली ती पावडर त्याला आवडते. डबा रिकामा झाला की त्यात शेंगाचटणी भरतात, आणि मग त्या डब्यावरचे दावे बऱ्याच अंशी खरे ठरतात.

तेरा-चौदाव्या वर्षी हा सारा प्रश्न उलटतो. वाढीचा वेग पुन्हा चढतो आणि ज्या मुलाला ‘चिऊचा घास, काऊचा घास’ करून भरवले तो आता उभ्याउभ्या टोपलीतल्या भाकऱ्या मोजू लागतो. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला 2860 किलोकॅलरी लागतात. केवळ भाकरीवर भागवायचे तर मोठ्या अकरा-बारा. पूर्वी मुलापासून लपवून ताटात काय घालता येईल हे शोधणारी आई आता चटणीची बरणी मुलापासून कोठे लपवता येईल हे शोधते. याच वयाच्या मुलीची ऊर्जेची गरज 2400, पण लोहाची मुलाहून जास्त: त्याला 22 मिलिग्रॅम, तिला 30. घराघरांतली वाढण्याची रीत बघता आधी भाऊ जेवतो आणि पातेल्याच्या तळाशी उरलेली पालेभाजी तिच्या वाट्याला येते. पुरेशी उरली, तिच्यावर लिंबू पिळले आणि शाळेत सोमवारी मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीबाहेर गेली नाही, तर तिचे काम भागते.